पार्किन्सन्स असताना कॅन्सर निघाला तर: कोल्हापूरकरांसाठी पायरी-पायरीनं

पार्किन्सन्सचं घर घड्याळावर चालतं. आठची गोळी, साडेअकराची गोळी, तीनची, साडेसहाची. त्या वेळापत्रकाला सगळे सरावलेले असतात आणि मग तुकडा तपासणीचा रिपोर्ट हातात येतो.

आता डॉक्टर दोन झाले. एक मेंदूचे, एक कॅन्सरचे. दोघं आपापल्या कामात पक्के, पण एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दिसत नाही. दवाखानेही वेगळे, कधी गावंही वेगळी. दोघांना जोडणारा दुवा एकच, फाइल घेऊन फिरणारा माणूस. तो मुलगा असेल, सून असेल किंवा तुम्ही स्वतः असाल. हा लेख त्या माणसासाठी आहे. गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. कुठं थांबून प्रश्न विचारायचा, ते इथं सांगतो.

१. पहिल्या आठवड्यात काय करायचं नाही

पार्किन्सन्सची एकही गोळी मनानं बंद करायची नाही. "आता मोठ्या आजाराकडं बघू, कंपवाताचं नंतर" असं घरात कुणीतरी म्हणतंच. लेवोडोपा (सिंडोपा वगैरे) अचानक थांबवली तर अंग लाकडासारखं ताठतं, ताप चढतो, माणूस बरळायला लागतो. ही जिवावरची अवस्था असते आणि तिच्यासाठी कॅन्सरची गरज नसते, चुकलेल्या गोळ्या पुरतात.

"या गोळ्यांमुळंच कॅन्सर झाला का?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. तसा पुरावा नाही. मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर मात्र पार्किन्सन्सच्या माणसांत इतरांपेक्षा जास्त दिसतो, पण तो लेवोडोपामुळं होतो असं सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडं मेलानोमा मुळात कमी आणि झालाच तर बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली होतो. म्हणून वर्षातून एकदा तळपाय बघून घ्या. बाकी अपराधीपणा सोडा.

त्याच आठवड्यात पॅथॉलॉजी लॅबमधून रिपोर्टची प्रत घ्या आणि स्लाइड व ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून ठेवा. दुसरं मत घ्यायला गेलात तर तिथं कागद पुरत नाही, ब्लॉक मागतात. आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा: "तयारीला किती दिवस घेतले तर चालतील?" बऱ्याच गाठींत आठ-पंधरा दिवस मिळतात. रक्ताचे काही कॅन्सर, मणक्यावर दाब, आतडं अडकणं, रक्तस्राव यांत मिळत नाहीत.

२. एकपानी कागद

जाड फाइल कुणी वाचत नाही. एक पान वाचतात. त्यावर एवढं हवं:

- नाव, वय, वजन, रक्तगट, ॲलर्जी
- पार्किन्सन्स कोणत्या वर्षापासून, न्यूरोलॉजिस्टचा फोन
- प्रत्येक गोळीचं नाव, ताकद आणि घड्याळातली वेळ. "दिवसातून चार वेळा" लिहू नका. "सिंडोपा ११०: सकाळी ८, सकाळी ११.३०, दुपारी ३, संध्याकाळी ६.३०" असं लिहा. वॉर्डात "चार वेळा"चा अर्थ त्यांच्या राउंडच्या वेळा असा होतो आणि अर्ध्या तासाच्या उशिरानं माणूस पलंगावरून उठू शकत नाही.
- गोळी चुकली तर काय होतं, एका ओळीत
- डीबीएस (मेंदूत तारा आणि छातीत बॅटरी असलेलं पार्किन्सन्सचं यंत्र) बसवलेलं असेल तर कंपनी आणि मॉडेल नंबर
- सगळ्यात खाली, लाल पेनानं: पेरिनॉर्म, स्टेमेटिल, फेनर्गन, हॅलोपेरिडॉल, ओलान्झापिन, लेवोसल्पिराइड देऊ नये

सिंडोपाचे आकडे नीट वाचा. ११० म्हणजे १०० अधिक १०, २७५ म्हणजे २५० अधिक २५. प्लस आणि सीआर (हळूहळू सुटणारी गोळी) वेगळे. औषध दुकानात "ते नाही, हे चालेल" म्हणून बदलून दिलेलं पाकीट घरी आल्यावर उघडून बघा.

या पानाच्या पाच प्रती काढा. एक फाइलला, एक केमोच्या खोलीत, एक भूल देणाऱ्या डॉक्टरांना, एक पाकिटात, एक फ्रिजवर.

३. कॅन्सरच्या डॉक्टरांना 'ऑन'मध्ये भेटा

गोळी लागू असते तो वेळ 'ऑन', तिचा असर उतरतो तो वेळ 'ऑफ'. ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. केमो झेपेल की नाही हे ठरवताना डॉक्टर माणसाच्या हालचालीला शून्य ते चार असा आकडा देतात. शून्य म्हणजे धडधाकट. जागेपणाचा निम्म्याहून जास्त वेळ पलंगावर किंवा खुर्चीत जात असेल तर तीन. तीनच्या माणसाला बऱ्याचदा सौम्य उपचार सुचवले जातात, कधी केमो नकोच म्हणतात.

आता बघा, अपॉइंटमेंट अकराची, नंबर लागला दीडला, मधली गोळी घरी राहिली. माणूस व्हीलचेअरवर आत जातो, चेहरा थिजलेला, आवाज घशातच. डॉक्टरांना दिसतो तो तीनचा माणूस. तोच माणूस सकाळी नऊ वाजता रंकाळ्यावर एक चक्कर मारत असेल, तर ते त्यांना कळणार कसं?

म्हणून गोळ्या आणि पाणी सोबत ठेवा आणि रांगेतसुद्धा वेळ पाळा. 'ऑन'मध्ये चालताना आणि 'ऑफ'मध्ये उठताना असे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोन व्हिडिओ फोनवर काढा आणि दाखवा. सांगा, "दिवसाचे इतके तास असे असतात, इतके तास तसे." लपवू नका, फुगवूही नका. खरंच झेपणार नसेल तर जोरदार केमो मागून घेण्यात शहाणपण नाही.

दुसरं, पार्किन्सन्सचा चेहरा हलत नाही. समोरच्याला वाटतं, यांना काही वाटतच नाही. मग डॉक्टर मुलाशी बोलायला लागतात. मुलानं तेव्हा म्हणावं, "बाबांना विचारा, ते हळू बोलतात पण सगळं सांगतात." दुखणं चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, तेव्हा ते शून्य ते दहा अशा आकड्यात सांगायची सवय लावा.

४. उपचार सुरू होण्याआधी न्यूरोलॉजिस्टची एक भेट

फोनवर भागवू नका. उपचाराचा कच्चा आराखडा (ऑपरेशन, केमोची नावं, रेडिएशन कुठल्या भागाला) घेऊन जा आणि हे विचारा:

- ऑपरेशनच्या दिवशी गोळी कशी द्यायची? तोंडानं जमलं नाही तर नळीतून कोणती, किती?
- रासाजिलीन किंवा सेलेजिलीन चालू आहे. ती थांबवायची का, किती दिवस आधी?
- पॅसिटेन चालू ठेवायची का? वयस्कर माणसाला तिच्यामुळं गोंधळ उडतो, बद्धकोष्ठ वाढतं आणि केमोत दोन्हींची भर पडते.
- अमॅन्टाडीन, प्रॅमिपेक्सोल या गोळ्या मूत्रपिंडातून बाहेर पडतात. सिस्प्लॅटिनसारख्या केमोनं क्रिएटिनिन वाढलं तर त्या शरीरात साचतात आणि भास होऊ लागतात. क्रिएटिनिन किती झालं की कळवायचं?
- रात्री भास झाले, माणूस बिथरला तर काय द्यायचं? साधारणपणे कमी प्रमाणात क्वेटियापिन देतात. क्लोझापिन पार्किन्सन्सला चालतं, पण पांढऱ्या पेशी कमी करतं, म्हणजे केमोसोबत धोक्याचं.

उत्तरं लेटरहेडवर घ्या. तोंडी निरोप दुसऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत त्याचं कायच्या काय होतं.

५. उलटीच्या औषधांचा सापळा

केमो म्हटलं की उलटी आलीच आणि तिथंच पार्किन्सन्सचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. कारण समजून घ्या, म्हणजे नावं पाठ करावी लागणार नाहीत. पार्किन्सन्समध्ये मेंदूत डोपामिन कमी पडतं. लेवोडोपा ते भरून काढते. उलटीची बरीच जुनी, स्वस्त, हाताशी असणारी औषधं नेमकं डोपामिनच अडवतात. म्हणजे एका हातानं भरायचं, दुसऱ्यानं बूच लावायचं. एका इंजेक्शननंतरसुद्धा माणूस दोन-तीन दिवस ताठ होऊ शकतो आणि घरचे म्हणतात, "केमो झेपली नाही."

नको: मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म), प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल), प्रोमेथाझिन (फेनर्गन), हॅलोपेरिडॉल (सेरेनेस), ओलान्झापिन.

ओलान्झापिनवर जरा थांबा. हे मनोविकाराचं औषध, पण तीव्र केमोच्या उलटीवर चांगलं लागू पडतं म्हणून आता नेहमीच्या केमो किटमध्ये रात्रीची एक छोटी गोळी म्हणून असतं. इतर रुग्णांसाठी उत्तम. तुमच्यासाठी नाही. किट छापील असतं, सगळ्यांना सारखंच जातं. नर्स देते ती तिच्या यादीप्रमाणे बरोबरच असते. यादीतून नाव खोडून घेणं तुमचं काम.

सहसा चालतात: ऑन्डान्सेट्रॉन (एमेसेट), ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन, अप्रेपिटंट, डेक्सामेथासोन. डॉमपेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून चालतं. पण हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करू शकतं, म्हणून ईसीजी बघून, कमी प्रमाणात, थोडे दिवस. ऑन्डान्सेट्रॉनही ठोक्यावर परिणाम करतं, त्यामुळं दोन्ही एकत्र असतील तर डॉक्टरांना आठवण करा. ॲपोमॉर्फिनचं इंजेक्शन किंवा पंप असेल तर ऑन्डान्सेट्रॉन अजिबात नाही, त्या जातीची बाकीचीही नाहीत. रक्तदाब एकदम कोसळतो.

शेवटचा सापळा ॲसिडिटीच्या कॅप्सूलचा. पॅन्टोप्राझोल किंवा इसोमेप्राझोलसोबत लेवोसल्पिराइड जोडलेल्या कॅप्सूल आपल्याकडं सर्रास देतात. ब्रँडच्या नावाला बऱ्याचदा शेवटी 'एल' असतो. लेवोसल्पिराइड आणि लेवोडोपा, नावात भाऊ-भाऊ, कामात वैरी. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर भिंग लावून वाचा. नुसतं पॅन्टोप्राझोल चालतं. चक्कर येते म्हणून मिळणाऱ्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन या गोळ्याही याच कारणानं टाळायच्या.

६. दुखणं, खोकला, बद्धकोष्ठ

रासाजिलीन, सेलेजिलीन, साफिनामाइड यांपैकी काही चालू असेल तर ट्रामाडॉल (अल्ट्रासेटमध्येही तेच असतं), टॅपेन्टाडॉल, पेथिडीन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध नको. घाम, थरथर, ताप, गोंधळ अशी अवस्था होते आणि ती पार्किन्सन्सच वाढला असं वाटून सुटून जाते. लिनेझोलिड हे अँटिबायोटिकसुद्धा या यादीत आहे.

पॅरासिटामॉल चालतं. जास्त दुखत असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत मॉर्फिनही चालतं, पण पहिल्या दिवसापासून पोट साफ करणाऱ्या औषधासोबत. बद्धकोष्ठाला हलकं घेऊ नका. पोट साफ नसेल तर लेवोडोपा नीट लागू पडत नाही; तीन दिवस झाले की फोन करा. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय घेऊ नका, घट्ट होऊन बसतो. लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर बरी. केमो चालू असताना एनिमा मनानं द्यायचा नाही.

स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू होणार असेल आणि उदासीसाठी पॅरॉक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीन चालू असेल तर दोन्ही डॉक्टरांना सांगा. त्या गोळ्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात. प्रोस्टेटच्या हार्मोन इंजेक्शननं हाडं ठिसूळ होतात आणि पार्किन्सन्सचा माणूस पडतो, हे दोन्ही एकत्र आलं की खुब्याचं हाड मोडतं. हाडांची तपासणी आणि कॅल्शियम-ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा.

७. स्कॅन आणि ऑपरेशन

पेट स्कॅनला साधारण सहा तास उपाशी राहायला सांगतात. उपाशी म्हणजे अन्न नाही. पाणी आणि पार्किन्सन्सची गोळी बहुधा चालते, आधी विचारून घ्या. औषध टोचल्यावर तासभर शांत पडून राहायचं असतं. त्या वेळात हात थरथरत राहिला तर स्नायू औषध ओढून घेतात आणि चित्र बिघडतं. वेळ अशी मागा की टोचणं आणि स्कॅन दोन्ही 'ऑन'मध्ये येतील.

डीबीएस असेल तर एमआरआय परस्पर करू नका; कोणत्या मॉडेलला कोणतं मशीन चालतं हे ठरलेलं असतं. ऑपरेशनमध्ये कापायला आणि रक्त थांबवायला विजेचं उपकरण (कॉटरी) वापरतात, म्हणून डीबीएस असल्याचं सर्जननाही आधी सांगावं लागतं.

ऑपरेशनसाठी पहिला नंबर मागा. "रात्री बारापासून काही नाही" ही सूचना सगळ्यांना असते. पार्किन्सन्सची सकाळची गोळी घोटभर पाण्यासोबत द्यायची का, हे भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. नाकातून नळी असेल तर साधी गोळी बारीक करून देता येते. सीआर गोळी कुटायची नाही, साधीत बदलून घ्यावी लागते. नळीतून दूध-पावडर देण्याच्या निदान अर्धा तास आधी गोळी. शुद्धीवर आल्यावर पहिली गोळी किती वाजता, हे वॉर्डातल्या सिस्टरला तोंडी नाही, कागदावर द्या.

८. केमोचा दिवस

डॉक्टरांना एक प्रश्न विचाराच: "यात नसांना इजा करणारं औषध आहे का आणि त्याला पर्याय आहे का?" पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टीन, सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, बोर्टेझोमिब यांनी तळपायांना मुंग्या येतात, बधिरता येते. तोल आधीच डळमळीत असलेल्या माणसाला जमीनच कळेनाशी होते. पर्याय नसेल तर प्रत्येक फेरीआधी मुंग्या कुठवर आल्या ते सांगा. प्रमाण कमी करता येतं.

केमोआधी ॲलर्जी टाळायला एव्हिलसारखं इंजेक्शन आणि डेक्सामेथासोन देतात. पहिल्यानं गुंगी आणि गोंधळ, दुसऱ्यानं झोप उडणं आणि साखर वाढणं. डेक्साच्या गोळ्या असतील तर सकाळीच घ्याव्यात.

सोबत न्यायचं: पूर्ण दिवसाच्या गोळ्या (त्यांच्या मूळ पाकिटात), गजर लावलेला फोन, एकपानी कागद, स्ट्रॉ, पायमोजे, घसरत नाहीत अशा चपला, युरिनचं भांडं. सलाइन लावलं की दर तासाला लघवीला जावं लागतं आणि स्टँड ओढत जाताना पाय जमिनीला चिकटतात. पडतात ते इथंच.

घरी आल्यावर ४८ तास लघवी, उलटी, घाम यांत औषध असतं. थरथरत्या हातानं भांडं सांडतं, म्हणून आवरणाऱ्यानं हातमोजे घालावेत, झाकण लावून दोनदा फ्लश करावं, कपडे वेगळे धुवावेत. उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसायचं. पाणी कमी पडलं की रक्तदाब उभं राहताच घसरतो.

९. रेडिएशन

ज्याला आपल्याकडं शेक किंवा लाईट देणं म्हणतात. दुखत नाही, पण आठवड्यात पाच दिवस, काही आठवडे, दर वेळी काही मिनिटं अजिबात न हलता झोपायचं. पहिल्या दिवशी मापं घेतात, साचा बनवतात. त्या दिवशी शरीर ज्या स्थितीत असेल तीच पुढं रोज हवी, म्हणून मापं 'ऑन'मध्येच द्या आणि रोजचा स्लॉट तोच ठेवा. लेवोडोपाला लागू पडायला अर्धा ते एक तास लागतो, त्या हिशेबानं गोळी. काही जणांना मात्र गोळीच्या ऐन जोरात अंग वळवळतं. त्यांनी तो काळ सोडून वेळ मागावी. छातीत डीबीएसची बॅटरी असेल तर किरणांच्या वाटेत ती येते का, हे नियोजनाआधी तपासायला लावा.

घशाला रेडिएशन असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गोळी गिळवत नाही. नळीचा विचार तेव्हा नाही, आधीच करून ठेवा.

१०. जेवण

इथं दोन आजार एकमेकांच्या विरोधात बोलतात. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात प्रथिनं वाढवा: रोज दर किलो वजनामागं एक ते दीड ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. पण प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यातून एकाच दारानं आत जातात. दूध-पावडरसोबत गोळी घेतली तर गोळी दाराबाहेरच राहते.

प्रथिनं कमी करायची नाहीत, वेळ बदलायची. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर एक-दीड तासानं. सकाळी-दुपारी भाकरी, भाजी, उप्पीट, भात. अंडी, मासे, चिकन, पनीर, उसळ यांचा मोठा वाटा संध्याकाळनंतर. वजन भराभर उतरत असेल तर हेही सैल करा, मिळेल तेव्हा खाऊ द्या. लोहाची गोळी दिली असेल तर लेवोडोपापासून दोन तास लांब.

कोल्हापुरात हे सांगणं जिवावर येतं, पण गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध केमो संपेपर्यंत बंद. पांढऱ्या पेशी कमी असताना न उकळलेलं दूध म्हणजे जंतूंना आवतण. मिसळ, कच्चा कांदा, बाहेरची कोशिंबीरही नको. तोंड आलेलं असताना तांबडा रस्सा कुणी मागणार नाही. पांढरा रस्सा तिखट कमी करून, गाळून, कोमट दिला तर जातो. गिळायला जड जात असेल तर पातळ पाण्यापेक्षा जरा दाट पदार्थ सोपे: नाचणीची आंबील, मऊ भात-वरण. आंबिलीत ताक घालणार असाल तर घरचं, उकळलेल्या दुधाचं. ताठ बसवून भरवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका.

११. रात्री-अपरात्री कधी निघायचं

- ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त: केमो चालू असेल तर सकाळची वाट बघू नका. फेरीनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात धोका जास्त. पॅरासिटामॉलनं ताप दाबून झोपवू नका.
- पार्किन्सन्स एका दिवसात एकदम बिघडला: आजार असा रात्रीत वाढत नाही. आधी संसर्ग (लघवी, छाती), बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं किंवा नवं औषध शोधा.
- ताप, ताठरपणा आणि बरळणं एकत्र, त्यात गोळ्या चुकलेल्या: १०८ ला फोन, हातात एकपानी कागद.
- गोळी घेतल्यावर लगेच उलटी: पुन्हा द्यायची का, हे आधीच ठरवून घ्या.

मन खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलतात. भरवणाऱ्यानंही तो वापरावा.

१२. कागद आणि पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात; कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा टेबल असतो, आधी तिथं जा. टोल फ्री क्रमांक १५५३८८. वय ७० किंवा त्यापुढं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढता येतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

लागणारं: रेशनकार्ड (१२ अंकी ऑनलाइन क्रमांकासह), आधार, तुकडा तपासणीचा रिपोर्ट, स्कॅन, डॉक्टरांचा उपचार आराखडा, फोटो. अडतं कुठं? रेशनकार्डावर 'दत्तात्रय', आधारवर 'दत्तू'. हे आजच तपासा. मंजुरी यायच्या आत रोख भरून उपचार सुरू केले तर ते पैसे परत मिळवणं अवघड. पार्किन्सन्सच्या रोजच्या गोळ्या या योजनेत बसत नाहीत, त्यांचा खर्च वेगळा धरा.

पार्किन्सन्स २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते, कोल्हापुरात सीपीआर. आयकराच्या जुन्या पद्धतीत गंभीर आजारांच्या उपचाराची वजावट आहे (१९६१ च्या कायद्यातलं ८०डीडीबी कलम). तिच्यात कॅन्सर बसतो आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व प्रमाणित असेल तर पार्किन्सन्सही; ज्येष्ठांना १ लाखापर्यंत. तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

सहीचं काम सगळ्यात आधी. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं, सही जुळत नाही आणि नेमकं पैसे लागतात तेव्हा चेक परत येतो. बँकेत जाऊन खातं 'दोघांपैकी कुणीही' असं करून घ्या, नॉमिनी नोंदवा. सही जमतच नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी हवा. माणूस बँकेत चालत जाऊ शकतो तोवर हे उरका.

१३. मिरज, मुंबई आणि पावसाळा

मुंबईला टाटाला जायचं असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं दादरला उतरा, परळ तिथून जवळ. कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेत सवलत आहे. हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. खालचा बर्थ मागा. रात्रीच्या गोळीचा गजर सोबत्याच्या फोनवर, गोळी वरच्या खिशात, बॅगेत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये रेडिएशन चालू असेल तर पंचगंगेकडं लक्ष ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. सांगली-मिरजेकडचा रस्ताही पाण्याखाली जातो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी पस्तिशीत आलं की रेडिएशन विभागाला फोन करून मधले दिवस चुकले तर भरून कसे काढणार ते विचारा आणि केंद्राच्या बाजूला पाहुण्यांकडं मुक्काम हलवा. रेडिएशनचे एक-दोन दिवस डॉक्टर जुळवून घेतात. सिंडोपाचं तसं नाही, पुरात दुकानं बंद झाली की ती मिळत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरात निदान तीन आठवड्यांचा साठा, प्लास्टिकच्या डब्यात, माळ्यावर.